मागच्या गेटला बिबट्या दिसला, आता धावायला जाऊ की नको?

प्रश्न : मॅडम, मी ठाण्याला घोडबंदर रोडला राहते, वय ३८. लग्नाच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षं मी रेग्युलर धावायचे, ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनला धावलेय, १० किमीच्या रेस केल्यात. मुलगी झाली आणि सुटलं ते सुटलंच, आता ती चार वर्षांची आहे. वजन वाढलंय, तीन मजले चढले तरी धाप लागते. परत सुरू करायचं ठरवून कपाटातले जुने शूज बाहेर काढले आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीचा व्हिडिओ आला, रात्री दोन वाजता मागच्या गेटच्या भिंतीवरून बिबट्या आरामात चालत जातोय. आमच्या मागे जंगलच आहे. मी पूर्वी पहाटे साडेपाचला निघायचे कारण नंतर मुलीची शाळा आणि ऑफिस. हिंमत करून एकदा खाली उतरले पण झुडपात काहीतरी हललं आणि मी तशीच वर आले, छातीत नुसतं धडधडत होतं. मिस्टर म्हणतात ट्रेडमिल घेऊ, सासूबाई म्हणतात हे धावायचं खूळ सोड, ग्रुपवर अर्धे लोक म्हणतायत पिंजरा लावा आणि त्याला घेऊन जा. माझी भीती उगाचच आहे का? आणि सुरू करायचं तर कसं करू?

उत्तर : उगाचची अजिबात नाहीये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं, एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला तुमचं ठाणं, आणि त्यात बिबटे भरपूर आहेत. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून मोजणी केली तेव्हा २०१५ ला ३५ मिळाले होते, नंतरच्या मोजण्यांमध्ये आकडा चाळीसच्या वर गेला. २०१९ च्या फेब्रुवारीत तर ठाण्यातल्या भर वस्तीत एका मॉलच्या पार्किंगमध्ये बिबट्या दिसला होता आणि मग जवळच्याच एका हॉटेलच्या बेसमेंटमधून त्याला बेशुद्ध करून बाहेर काढला. त्यामुळे "काही नसतं गं, मांजर असेल" असं तुम्हाला कोणी सांगत असेल तर ऐकू नका, तो आहे, आणि तुमच्या भिंतीवरून गेला तसा आधीही गेला असणार, फक्त तेव्हा कॅमेरा नव्हता.

पण तुम्हीच लिहिलेली एक गोष्ट परत वाचा, रात्री दोन वाजता. माझं सगळं उत्तर त्या वेळेभोवतीच आहे. माणसांच्या वस्तीजवळ राहणारा बिबट्या दिवसा झाडीत, नाल्यात, दगडांच्या कपारीत पडून राहतो, अंधार पडला की बाहेर येतो आणि उजाडायच्या आत परत जातो, कारण त्याला आपली भीती वाटते. येतो तो मुख्यतः कुत्र्यांसाठी, आणि कुत्री असतात ती आपल्या कचऱ्यासाठी. म्हणजे तुमच्या पहाटे साडेपाचच्या रनला त्याची पण घरी जायची वेळ असते. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि जानेवारीत सव्वासातला, म्हणजे साडेपाचला वर्षभरात कधीच नीट उजेड नसतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे रनची वेळ घड्याळाला न बांधता सूर्याला बांधा, लांबचा माणूस चेहऱ्यासकट दिसला की निघायचं, आणि संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत घरी. मे-जूनमध्ये सव्वासहाला निघालात तरी चालेल, डिसेंबर-जानेवारीत सात-सव्वासातच्या आधी नको.

तुम्ही म्हणाल शाळा आणि ऑफिसचं काय. तर गंमत अशी आहे की परत सुरू करताना आठवड्यात तीनच दिवस धावायचं असतं, रोज नाही, आणि तेही अर्धा तास. शनिवार-रविवार उजाडल्यावर बाहेर रस्त्यावर, आणि मधला एक दिवस, मंगळवार किंवा बुधवार, सोसायटीच्या आत, दिव्यांच्या उजेडात, पोडियम असेल तर पोडियमवर, नसेल तर बिल्डिंगच्या पुढच्या बाजूला वॉचमनच्या नजरेसमोर. मागच्या गेटकडे जायचंच नाही. चारशे-पाचशे मीटरच्या चकरा मारायला बोअर होतं हे मला माहितीये पण पहिले दोन-अडीच महिने तुमचं अंतर इतकं कमी असणार आहे की चालून जाईल. पावसाळ्यात ट्रेडमिल मिळाली तर वापरा, मिस्टरांशी त्यावरून वाद घालू नका, पण फक्त भीतीपोटी पन्नास-साठ हजाराचं मशीन घरात आणू नका, माझ्या ओळखीत त्याच्यावर सहा महिन्यात टॉवेल वाळत पडलेले बघितलेत.

आता धावण्याचं. तुमच्यासारख्या जुन्या रनरचा धोका नवीन माणसापेक्षा जास्त असतो कारण डोक्यात जुना पेस असतो. दम तुलनेनं लवकर परत येतो, महिना-दीड महिन्यात तुम्हाला वाटायला लागेल की आता पाच किमी सहज मारेन, पण घोट्यामागची शीर, पोटरी, नडगीचं हाड, गुडघ्याभोवतीचं सगळं, हे तयार व्हायला कित्येक महिने घेतात, आणि दम आहे पण पाय तयार नाहीत ह्या मधल्या काळातच सगळी दुखणी होतात. म्हणून सुरुवात अशी करा, पाच मिनिटं जोरात चाला, मग एक मिनिट धावा दोन मिनिटं चाला, असं सात वेळा, शेवटी पाच मिनिटं सावकाश चालून संपवा. दोन आठवडे एवढंच, कितीही सोपं वाटलं तरी. मग दोन मिनिटं धावा दोन चाला, मग तीन आणि एक, असं हळूहळू. स्पीड किती हवा? धावताना शेजारच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तुटक शब्द यायला लागले की जास्त जोरात चाललंय. तीन महिन्यात न थांबता पाच किमी झालं तर उत्तम झालं म्हणायचं. आठवड्यातून दोनदा घरातल्या घरात भिंतीला धरून टाचा उचलायच्या आणि खुर्चीवर बसल्यासारखे स्क्वॉट्स, हे टाळू नका, गुडघे यानेच वाचतात.

तीन मजल्यांना धाप लागते म्हणता, तर सुरू करायच्या आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बीपी एकदा बघून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया निघाला होता आणि बऱ्याच जणी त्याला स्टॅमिना गेला म्हणून सोडून देतात. अजून एक, तुम्ही लिहिलं नाहीये पण बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना धावताना थोडी लघवी निसटते आणि लाजून त्या धावणंच बंद करतात. असं होत असेल तर बाळंतपणानंतरच्या अशा तक्रारी बघणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा, ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम असतात, बहुतेक जणींना चांगला फरक पडतो. आणि ते जुने शूज टाकून द्या, चार-पाच वर्षं कपाटात पडलेल्या शूजचा फोम कडक होतो, आपल्या दमट हवेत सोल पण सुटून येतो.

आता मुख्य भीतीकडे येते. बिबट्या समोर दिसलाच तर? बहुतेक रनर्सना आयुष्यभर दिसत नाही, पण माहिती असलेली बरी. धावायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि रनरला हेच सगळ्यात अवघड जाणार. पाठ फिरवून पळणारी गोष्ट दिसली की त्याच्यातला शिकारी जागा होतो. आहे तिथे थांबा, तोंड त्याच्याकडेच ठेवा, हात वर करून मोठं दिसा, मोठ्या आवाजात बोला, ओरडलात तरी चालेल, आणि एकेक पाऊल मागे सरका. वाकायचं नाही, बसायचं नाही, दगड उचलायला पण खाली वाकायचं नाही. आणि त्याला जायला वाट सोडा, तो बऱ्याचदा तुमच्या आधीच निघून जातो. लोक जमून त्याला कोपऱ्यात घेरतात, मोबाईल काढून पुढे पुढे जातात, जखमी होण्याचे कितीतरी प्रकार तिथेच घडतात.

वाकायचं नाही हे मी परत सांगतेय कारण त्याला उभं माणूस हे भक्ष्य वाटत नाही, पण बसलेलं, वाकलेलं किंवा लहान मूल हे त्याला त्याच्या रोजच्या शिकारीच्या आकाराचं दिसतं. मुंबईतले पूर्वीचे हल्ले बघितले तर उघड्यावर शौचाला बसलेली माणसं आणि अंधारात खेळणारी मुलं त्यात खूप आहेत. २०२१ च्या सप्टेंबरमधलं आरे कॉलनीतलं सीसीटीव्ही फुटेज तुम्ही बघितलं असेल, एक वयस्कर बाई घराबाहेर बसलेल्या, बिबट्या मागून आला, आणि त्या त्याच्याकडे वळून हातातल्या काठीने त्याला मारतात आणि तो पळतो. चालायला काठी लागणारी बाई होती ती. मला त्या फुटेजमधून तुम्हाला भीती द्यायची नाहीये, ती वळली आणि तिने प्रतिकार केला म्हणून तो गेला हे दाखवायचंय. म्हणून बुटाची लेस सुटली तर झुडपाशेजारी उकिडवं बसून बांधू नका, पुढे उजेडात जाऊन कट्ट्यावर पाय ठेवून बांधा. दोन्ही कानात इअरफोन नकोत, पण मोबाईलच्या स्पीकरवर गाणी खुशाल लावा, त्याला तुमची चाहूल लांबूनच लागलेली चांगली. तुमच्या ठाण्यातल्याच येऊरच्या पाड्यांमधली माणसं पिढ्यान्पिढ्या त्याच जंगलात राहतात, वारली लोक वाघोबाला देव मानून पूजतात, आणि रात्री जायची वेळ आलीच तर टॉर्च घेऊन, बोलत, चार जण मिळून जातात. मला वाटतं आपल्या टॉवरवाल्यांनी त्यांच्याकडून हे शिकण्यासारखं आहे.

खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा मला तुमच्या मुलीची काळजी जास्त वाटली. संध्याकाळी अंधार पडल्यावर मागच्या बाजूला मुलं एकटी खेळता कामा नयेत, हा नियम सोसायटीने आजच करायला पाहिजे.

आणि पिंजऱ्याचं. ग्रुपवरच्या लोकांचा राग मी समजू शकते, पण हा उपाय महाराष्ट्राने करून बघितलाय. २००१ ते २००३ मध्ये जुन्नर भागात शेतातले बिबटे पकडून लांब जंगलात सोडायची मोठी मोहीम झाली. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की ह्या पकडापकडीनंतर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. अनोळखी जागी सोडलेला, घाबरलेला, घराकडे परत निघालेला प्राणी जास्त धोक्याचा, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येऊन बसतोच. मुंबईत २००२ ते २००४ ही वर्षं फार वाईट गेली, त्यामागे पण बाहेरून आणून सोडलेले बिबटे हे एक कारण मानलं जातं. २०११ नंतर वनखातं, संशोधक आणि मुंबईकर ह्यांनी मिळून कचरा, लाइट, शौचालयं, लोकांना माहिती देणं ह्यावर काम सुरू केलं, तो रस्ता जास्त उपयोगाचा ठरला. माणसावर हल्ला करणारा बिबट्या असेल तर वनखातं त्याला पकडतंच, पण भिंतीवरून चालत जाणं हा काही हल्ला नाही. सोसायटीने मागच्या गेटचा कचरा रोज संध्याकाळच्या आत उचलायला लावा, कुत्र्यांना खायला घालायची जागा भिंतीपासून लांब न्या, झुडपं छाटा, दोन दिवे वाढवा. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, ती वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लावा.

धडधड लगेच जाणार नाही. पहिले दोन शनिवार धावूच नका, मैत्रीण किंवा मिस्टरांना घेऊन उजेडात तोच रस्ता फक्त चाला, कुठे झाडी आहे, कुठे दिवा नाही, कुत्री कुठे बसतात ते बघून ठेवा. तिसऱ्या शनिवारपासून एक मिनिट धावणं सुरू करा. कुत्री रोजच्या जागी नसली, किंवा सगळी एकाच दिशेला तोंड करून भुंकत असली, वरून माकडं ओरडत असली तर त्या दिवशी वळून परत या आणि सोसायटीच्या आतच चकरा मारा.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी जुन्नर तालुक्यातला, पोलीस भरतीची तयारी करतोय. मध्ये पाय मुरगळला म्हणून चार महिने बंद होतं. आता परत चालू करायचंय पण आम्ही पोरं पहाटे साडेचारला रोडने पळतो आणि दोन्ही बाजूला ऊस आहे. मागच्या महिन्यात आमच्याच शिवारात बिबट्याने वासरू नेलं. घरचे पाठवायला तयार नाहीत. दिवसा शेतातली कामं असतात. काय करू?

उत्तर : घरचे बरोबर बोलतायत, त्यांचं ऐक. वरच्या ताईंना मी जेवढं मोकळेपणाने सांगितलं तेवढं तुला सांगणार नाही, कारण तुझा भाग वेगळा आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ह्या धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं दाट पीक मिळाल्यावर बिबट्याने तिथेच घर केलं. माद्या उसातच पिल्लं घालतात. तिथे जन्मलेल्या बिबट्याला ऊस हेच जंगल. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज निघाला, देशात १३,८७४, पण ही मोजणी मुख्यतः जंगलांमध्ये झालेली आहे, तुमच्या शिवारातले त्यात फारसे येत नाहीत. आणि तोडणी सुरू झाली, साधारण दिवाळीपासून पुढे, की त्याचा आसरा रोज कमी होतो, मादी पिल्लांना हलवत असते, तेव्हा तर अंधारात उसाच्या कडेने कोणीच पळू नये, चार जण असले तरी नाही.

आता तयारीचं. तुझी ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० मार्कांची, त्यात १६०० मीटरला २० मार्क, आणि पूर्ण मार्क हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यायला लागतं. हे पहाटे रोडला सात-आठ किमी पळून येत नाही रे, हे ग्राउंडवर येतं. चारशेचे राउंड, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, परत चारशे, घड्याळ हातात. त्यासाठी सपाट मोकळं मैदान लागतं आणि उजेड लागतो. गावच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना सगळी पोरं मिळून भेटा, शाळा सुटल्यावर पाच ते साडेसहा मैदान मागा, बहुतेक ठिकाणी देतात. हिवाळ्यात सूर्य सहालाच बुडतो म्हणून तेव्हा साडेचारलाच सुरू करा. घरी जाताना गाडीवर किंवा घोळक्याने, टॉर्च घेऊन, आवाज करत. आठवड्यात तीन दिवस ग्राउंड, दोन दिवस घरीच दंड-बैठका, टाचा उचलणं, गोळाफेकीचा सराव, एवढं पुरतं. मुरगळलेल्या पायावर एका पायाने तीस सेकंद उभं राहता येतंय का, दहा उड्या न दुखता मारता येतायत का ते बघ, नसेल तर अजून दोन आठवडे नुसतं चाल. पहिल्या महिन्यात टायमिंग लावायचंच नाही. शेतातल्या कामासाठी वडिलांशी बोल, तासभर लवकर सुटायला मिळालं तर बघ, भरतीसाठी मागतोयस म्हटल्यावर नाही म्हणणार नाहीत असं वाटतं.

प्रश्न : वय ६१, पुणे. रिटायर झाल्यावर टेकडीवर परत जॉगिंग चालू केलंय, बिबट्या वगैरे नाही पण साप आणि भटक्या कुत्र्यांची भीती वाटते. काठी घेऊन पळणं बरं दिसतं का?

उत्तर : काका, बरं दिसण्याचा प्रश्नच नाही, घ्या काठी. कुत्री मागे लागली की बिबट्यासारखाच नियम, पळायचं थांबवा, उभे राहा, रोखून बघू नका, काठी मध्ये धरून हळूहळू बाजूला व्हा. बहुतेक कुत्री पळणाऱ्याच्याच मागे लागतात. चावलं किंवा नुसतं खरचटलं तरी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून पंधरा, आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा, हळद-चुना काही लावू नका. लक्षणं आल्यावर ह्या रोगातून माणूस वाचत नाही म्हणून उद्या बघू असं करायचं नाही, आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखांचे सगळे डोस पूर्ण घ्या. सापासाठी पायवाट सोडून गवतात शिरू नका, पावसाळ्यात आणि नंतर घोणस वाटेच्या कडेला सुकलेल्या पानात पडलेली दिसतसुद्धा नाही, म्हणून उतारावर पळू नका, चाला आणि पाय ठेवायची जागा बघा. चावलाच तर पट्टी आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं काही नाही, तो पाय हलवायचा नाही, १०८ ला फोन आणि सरळ सरकारी हॉस्पिटल, तिथे प्रतिविष असतं. फोन चार्ज करून खिशात ठेवा आणि कोणत्या वाटेने जाताय ते काकूंना सांगून निघा.